डॉक्टर आणि वैद्या एकाच फळ्यापुढे : नाशिकमधील एका मधुमेह शिक्षण वर्गाचे परीक्षण

मधुमेह असलेल्या व्यक्तींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी नाशिकमधील एका विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयात सहा शनिवारांचा शिक्षण वर्ग चालतो. मधुमेहाच्या माहितीच्या कार्यक्रमांची आता शहरांत वानवा राहिलेली नाही. परंतु हा वर्ग एक एम. डी. डॉक्टर आणि कायचिकित्सेत, म्हणजे आयुर्वेदातील औषधोपचारांच्या शाखेत, पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या एक वैद्या असे दोघे मिळून घेतात, आणि तेही पाळीपाळीने व्याख्यान देऊन निघून न जाता पूर्ण वेळ एकाच फळ्यापुढे उभे राहून. माझ्या सासूबाईंना मधुमेह होऊन बरीच वर्षे झाली आहेत. त्यांच्या सोबतीने मी या वर्गाला बसले आणि आता त्याविषयी सविस्तर लिहीत आहे. काही उणिवाही स्पष्टपणे लिहायच्या असल्यामुळे संस्थेचे आणि शिकवणाऱ्यांचे नाव येथे दिलेले नाही. परंतु अशा प्रकारचा वर्ग आपल्या गावात सुरू करू पाहणाऱ्यांना किंवा त्यात नाव घालण्याचा विचार करणाऱ्यांना या मजकुराचा उपयोग व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

अशा वर्गाची गरज का आहे, हे आपल्यापैकी बहुतेकांना आपापल्या घरात पाहूनच कळेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यांतील कितीतरी घरांत सकाळी मेटफॉर्मिनची गोळी आणि मेथीचे पाणी, दुपारी ग्लिमेपिराइड आणि जांभळाच्या बियांचे चूर्ण, रात्री विजयसाराच्या लाकडी पेल्यात भरून ठेवलेले पाणी, असे सगळे एकाच वेळी चालू असते. डॉक्टरांना सांगितले तर ते रागावतील म्हणून चूर्णाविषयी बोलायचे नाही आणि वैद्यांना वाईट वाटेल म्हणून वाढवलेल्या गोळीविषयी बोलायचे नाही, असा मौनाचा एक रिवाजच पडून गेला आहे. माझ्या सासूबाईही त्याला अपवाद नव्हत्या. या मौनाने नुकसान होते ते फक्त रुग्णाचे. कारण त्याच्या पोटात नेमके काय काय जात आहे हे त्याच्यावर उपचार करणाऱ्या दोघांपैकी एकालाही पुरते ठाऊक नसते.

नाशिक हे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे गाव. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या छत्राखाली आधुनिक वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या अशा सगळ्या विद्याशाखा आहेत. पदवी एकाच विद्यापीठाची, परीक्षा मंडळही एकच. तरीही या शाखांचे विद्यार्थी शिकत असताना एका रुग्णासमोर एकत्र बसले आहेत, असे दृश्य क्वचितच दिसते. सार्वजनिक चर्चेत हा विषय येतो तो अधिकारांच्या वादातून. आयुर्वेदातील शल्य (शस्त्रक्रिया) आणि शालाक्य (डोळे, कान, नाक, घसा) शाखांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ५८ शस्त्रकर्मे शिकवण्याविषयीची अधिसूचना नोव्हेंबर २०२० मध्ये निघाली आणि ११ डिसेंबर २०२० रोजी आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांनी देशभर काम बंद ठेवले. आपल्या राज्यात होमिओपॅथी डॉक्टरांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम निघाला, त्यावरूनही अनेक वर्षे संघर्ष चालू आहे. या प्रश्नांचे महत्त्व मी नाकारत नाही. परंतु कोणी कोणती चिठ्ठी लिहावी यावर इतकी शाई खर्च होत असताना रुग्णाला दोघांनी मिळून काय समजावून सांगावे, हा प्रश्न जवळजवळ अस्पर्शित राहिला आहे, आणि या वर्गाचे मोल मला तेथे जाणवले.

वर्गाची सुरुवात मात्र निराशाजनक होती, हे नमूद करायला हवे. पहिल्या सत्रात ‘मधुमेह म्हणजे काय’ हा विषय होता. डॉक्टरांनी स्वादुपिंड, इन्सुलिन, इन्सुलिनला शरीराने दिलेला प्रतिरोध आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ही तपासणी समजावली; त्यानंतर वैद्यांनी प्रमेहाचे, म्हणजे आयुर्वेदाने एकत्र मांडलेल्या लघवीच्या विकारांचे, वीस प्रकार, कफाचे दहा, पित्ताचे सहा आणि वाताचे चार, आणि त्यांत मधुमेहाचे स्थान सांगितले. दोन्ही मांडण्या आपापल्या जागी नेटक्या होत्या. पण त्या एकमेकींना कोठेच स्पर्श करत नव्हत्या आणि ऐकणाऱ्याने त्यांचा मेळ कसा घालावा हे कोणीच सांगितले नाही. माझ्या शेजारी बसलेल्या एका काकांनी सरळ विचारले, “म्हणजे मला झालेला मधुमेह यांतला कोणता?” त्यावर दोघेही एकमेकांकडे पाहून हसले आणि विषय पुढे गेला. सौजन्य उत्तम होते, शिक्षण मात्र झाले नाही. दोन शास्त्रांची भाषा वेगळी आहे, रोगाकडे पाहण्याची चौकट वेगळी आहे आणि प्रत्येक ठिकाणी एकाचे दुसऱ्यात रूपांतर होत नाही, एवढे जरी प्रामाणिकपणे सांगितले असते तरी त्या काकांचे समाधान झाले असते.

दुसऱ्या शनिवारी मात्र वर्गाचे रूप पालटले. आदल्या आठवड्यात सगळ्यांना सांगून ठेवले होते की घरात चालू असलेले प्रत्येक औषध, मग ते कोणाच्याही सांगण्यावरून असो, पिशवीत घालून आणावे. काढा, चूर्ण, तेल, टॉनिक, शेजाऱ्यांनी दिलेली पुडी, काहीही वगळायचे नाही. लांबच लांब टेबलांवर सगळ्यांनी आपापल्या पिशव्या रिकाम्या केल्या आणि डॉक्टर व वैद्या दोघे मिळून एकेका व्यक्तीपाशी थांबत पुढे सरकू लागले. या एका सत्रात मला जे शिकायला मिळाले ते कोणत्याही माहितीपत्रकातून मिळाले नसते.

एका आजींकडे ग्लिमेपिराइडची गोळी होती आणि शिवाय त्या रोज सकाळी कारल्याचा रस, मेथीची पूड आणि गुडमारचे चूर्ण घेत होत्या. सकाळी अकराच्या सुमारास हातपाय थरथरतात, घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, हे त्या वयाचे लक्षण समजत होत्या. डॉक्टरांनी सांगितले की ही गोळी स्वादुपिंडाकडून जास्त इन्सुलिन सोडवून घेते, त्यामुळे तिच्या जोडीला साखर कमी करणारे दुसरे काही घेतले आणि जेवायला उशीर झाला, तर साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. मला विशेष वाटले ते पुढच्या क्षणाचे. वैद्यांनी स्वतःहून सांगितले की गुडमार हे औषध आहे, भाजी नव्हे. त्याला मात्रा असते, काळ असतो, आणि रुग्ण दुसरे प्रभावी औषध घेत असताना ते आपल्या मनाने सुरू करणे आयुर्वेदालाही मान्य नाही. हेच वाक्य डॉक्टर बोलले असते, तर ‘यांना आयुर्वेद आवडत नाही’ असे म्हणून आजींनी ते सोडून दिले असते. वैद्यांच्या तोंडून आल्यामुळे ते त्यांना पटले, आणि चूर्ण थांबवायचे की गोळी कमी करायची याचा निर्णय आजींच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन, घरी काही दिवस साखर मोजून घ्यायचा, असे तेथेच ठरले.

उच्च रक्तदाब असलेले एक गृहस्थ घसा मोकळा राहावा म्हणून दिवसभर ज्येष्ठमधाची कांडी चघळत असत. ज्येष्ठमध फार प्रमाणात आणि फार काळ घेतल्यास शरीरात पाणी व मीठ धरून ठेवले जाते, रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरते. त्यातच लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पोटॅशियम आणखी खाली जाते. हे डॉक्टरांनी सांगितले आणि वैद्यांनी त्याला दुजोरा दिला. इसबगोल घेणाऱ्यांना दोघांनीही सांगितले की ते आणि गोळ्या एकाच घोटात घेऊ नयेत, मध्ये अंतर ठेवावे, कारण इसबगोलामुळे इतर औषधांच्या शोषणात अडथळा येऊ शकतो. थायरॉइडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी साध्या पाण्यानेच घ्यायची, काढ्याबरोबर नाही, हेही अनेकांना प्रथमच कळले.

सगळ्यात गंभीर प्रसंग सांधेदुखीच्या पुड्यांचा होता. एका बाईंनी नाव नाही, घटक नाहीत, बनवणाऱ्याचा पत्ता नाही अशा कागदी पुड्या टेबलावर ठेवल्या. त्या घेतल्यापासून गुडघे एकदम बरे झाले आणि साखर मात्र काही केल्या उतरत नाही, अशी त्यांची तक्रार होती. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असण्याची शक्यता असते, स्टेरॉइडने वेदना झपाट्याने थांबते आणि साखर झपाट्याने चढते, असे डॉक्टरांनी सांगितले. आणि काही महिने घेतलेले स्टेरॉइड अचानक बंद करणेही धोक्याचे असते म्हणून आजच्या आज तपासून घ्या, असेही बजावले. वैद्या यावर जे बोलल्या ते मला या वर्गातील सर्वांत मोलाचे बोलणे वाटते. त्या म्हणाल्या की यात आयुर्वेदाचा काहीही संबंध नाही, हे आयुर्वेदाच्या नावावर चाललेले फसवणुकीचे काम आहे. बाजारात मिळणाऱ्या आयुर्वेदिक औषधावर घटक, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख छापलेली असायलाच हवी आणि ती नसेल तर ते औषध घरात ठेवू नये. मग त्यांनी वसंतकुसुमाकर रसाचे उदाहरण दिले. मधुमेहावर पुष्कळ लोक हे औषध दुकानातून आणून स्वतःच घेतात. त्यात सोने, चांदी, मोती यांच्याबरोबर नागभस्म, म्हणजे शिशाचे भस्मही असते. तेव्हा मूत्रपिंडाची तपासणी न करता आणि वैद्याच्या देखरेखीशिवाय ते घेऊ नये, असे त्यांनी निक्षून सांगितले. बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचा २००४ सालचा अमेरिकी अभ्यास डॉक्टरांनी सांगितला, तेव्हा वैद्यांनी तो झटकून टाकला नाही. रसौषधी, म्हणजे धातू आणि खनिजांपासून केलेली औषधे, ही स्वतंत्र आणि अवघड शाखा आहे, कच्चे भस्म हे विषच, आणि याची चिंता आयुर्वेदाच्या लोकांनीच सर्वांत आधी करायला हवी, असे त्यांचे उत्तर होते.

आहाराचे सत्र मला त्या खालोखाल आवडले. ‘साखर वाईट, पण गूळ चालतो’ ही आपल्याकडची पक्की समजूत. डॉक्टरांनी सांगितले की गुळात खनिजे किंचित असली तरी त्याचा मुख्य भाग साखरच आहे आणि रक्तातील साखर दोन्हींनी सारखीच वाढते. लोकांच्या चेहऱ्यावरून दिसत होते की हे त्यांना पटलेले नाही. तेव्हा वैद्यांनी चरकसंहितेतील प्रमेहाची कारणे सांगितली : सुखाने बसून राहणे, सुखाने झोपणे, दही, दूध, नवे धान्य आणि गुळापासून केलेले पदार्थ. गुळाचे नाव त्या यादीत आहे हे ऐकून वर्गात कुजबुज झाली. माझ्या सासूबाईंनी रोजच्या चहातला गूळ त्या दिवसापासून सोडला. इतकी वर्षे डॉक्टरांनी सांगूनही तो सुटला नव्हता. पुढे वैद्यांनी जव, म्हणजे आपले सातू, हे धान्य प्रमेहात श्रेष्ठ मानले असल्याचे सांगितले, तर डॉक्टरांनी त्यातील विरघळणाऱ्या तंतूंमुळे साखर रक्तात सावकाश मिसळते हे त्यामागील एक कारण समजावले. ज्वारीची भाकरी चांगली, पण चार भाकऱ्या चांगल्या नाहीत. भाकरी हेही पिष्टच आहे, तेव्हा ताटात आधी भाजी, उसळ आणि कोशिंबीर यांची जागा ठरवावी आणि उरलेल्या जागेत भाकरी, हा सल्ला दोघांनी एका सुरात दिला.

उपवासांच्या बाबतीत हा वर्ग ज्या तपशिलात जातो तसे मी अन्यत्र कोठे पाहिलेले नाही. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र हे आपल्या घरातील वास्तव आहे आणि ‘उपवास करू नका’ एवढे सांगून ते बदलत नाही. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, त्यामुळे खिचडीच्या दिवशी साखर इतर दिवसांपेक्षा जास्तच चढते, हे एका ताईंच्या घरच्या नोंदींवरून फळ्यावर दाखवले गेले. साबुदाण्याऐवजी राजगिरा, शेंगदाणे, ताक, दुधी, काकडी यांचा उपयोग कसा करावा, निरंकार उपवास कोणी मुळीच करू नये आणि कोणत्या गोळ्यांविषयी उपवासाआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे, हे विस्ताराने सांगितले. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिल्यास साखर उतरण्याचा धोका असतो. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातील गोळ्यांमुळे लघवीवाटे साखर आणि पाणी जात असल्याने पाण्याविना उपवास केल्यास शरीर कोरडे पडण्याचा आणि रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. वैद्यांनी या ठिकाणी चरकाने सांगितलेले दोन प्रकारचे रुग्ण समोर ठेवले. एक स्थूल आणि बलवान, दुसरा कृश आणि दुर्बल. पहिल्याला शोधन, म्हणजे शरीरशुद्धी, तर दुसऱ्याला बृंहण, म्हणजे पोषण. तेव्हा वजन घटत चाललेल्या मधुमेही माणसाने ‘लंघन हे परम औषध’ म्हणत उपवास धरणे शास्त्राच्याही विरुद्ध आहे. वजन वेगाने घटत असेल तर इन्सुलिन कमी पडत असल्याची शंका घ्यावी, असे डॉक्टरांनी लगेच जोडून दिले. पहिल्या सत्रात ज्या दोन मांडण्या समांतर धावत होत्या त्या येथे एका रुग्णापाशी येऊन भेटल्या, आणि ही जोड पहिल्याच दिवशी का घालून दिली नाही याची मला हळहळ वाटली.

आता मतभेदाविषयी. एकत्र शिकवणाऱ्या दोघांनी रुग्णांसमोर मतभेद दाखवू नयेत, अशी अनेकांची समजूत असेल. माझे मत नेमके उलट झाले आहे. चौथ्या सत्रात कोणीतरी गुळवेलीविषयी विचारले. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे उकळत होते, आणि २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला होता. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला की वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही आणि गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात वापरली गेली असावी. पुढच्या वर्षी देशातील अनेक केंद्रांनी मिळून अशा आणखी रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. डॉक्टरांचे म्हणणे असे की पुरावा पुरेसा आहे आणि विशेषतः ज्यांना स्वतःच्या प्रतिकारशक्तीमुळे होणारे आजार आहेत त्यांनी गुळवेल टाळावी. वैद्यांचे म्हणणे असे की शतकानुशतके वापरात असलेल्या औषधाविषयी एवढ्या रुग्णांवरून सर्वांसाठी निष्कर्ष काढता येत नाही, मात्र कोरोनाच्या काळात मात्रा, काळ आणि प्रकृती यांचा काहीही विचार न करता ज्या रीतीने ती महिनोन्महिने घेतली गेली ती रीत चुकीचीच होती. दोघांचे मत जुळले नाही, आणि त्यांनी ते जुळल्याचा आवही आणला नाही. परंतु काविळीची लक्षणे दिसली, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना गेली, तर काढा ताबडतोब थांबवून यकृताची तपासणी करायची आणि डॉक्टरांना काढ्याविषयी न लपवता सांगायचे, यावर त्यांचे पूर्ण एकमत होते. रुग्णाने घरी जाऊन काय करावे याचे उत्तर स्पष्ट मिळत असेल, तर शास्त्रांमधील वाद उघडपणे ऐकल्याने तो गोंधळत नाही, उलट शहाणा होतो, हे मी त्या दिवशी पाहिले.

त्याच सत्रात ‘आयुर्वेदात पुरावा असतो का’ असा थेट प्रश्न एका तरुणाने विचारला. त्याचे उत्तर वैद्यांनी देण्याआधी डॉक्टरांनी दिले, ही मला फार चांगली गोष्ट वाटली. त्यांनी भगंदरावरील (गुदद्वाराजवळ होणाऱ्या नळीसारख्या जखमेवरील) क्षारसूत्राचे, म्हणजे औषधी क्षार लावलेल्या दोऱ्याचे, उदाहरण घेतले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत शस्त्रक्रियेशी त्याची तुलना केली आणि १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : क्षारसूत्राने जखम भरायला सुमारे ८ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने ४, परंतु भगंदर पुन्हा होण्याचे प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के आणि शस्त्रक्रियेत ११ टक्के होते. प्रत्येक उपचाराने अशा परीक्षेला बसावे, जे उतरेल ते घ्यावे, असे ते म्हणाले. त्यावर वैद्यांनी एवढेच जोडले की मधुमेहातील बहुतेक आयुर्वेदिक औषधांवर अशा मोठ्या परीक्षा अजून झालेल्या नाहीत, म्हणून त्यांच्या भरवशावर इन्सुलिन किंवा गोळ्या बंद करण्याचा सल्ला त्या स्वतः कोणालाही देत नाहीत.

‘मधुमेह मुळापासून बरा’ अशा जाहिरातींची कात्रणेही वर्गात आणली होती. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ सालच्या कायद्यात मधुमेहाचा नामनिर्देश आहे आणि तो बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात करणे हा गुन्हा आहे, ही माहिती उपस्थितांपैकी जवळजवळ कोणालाच नव्हती. वजन बरेच घटवून काहींची साखर औषधांविना आटोक्यात राहू शकते, पण ती वैद्यकीय देखरेखीखाली होणारी गोष्ट आहे आणि बाटलीत विकत मिळत नाही, हा फरकही नीट सांगितला गेला.

बाकीच्या भागाविषयी थोडक्यात. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचे, हे प्रत्येकाकडून वदवून घेतले. पायांच्या काळजीचे प्रात्यक्षिक चांगले होते. तेल लावताना बोटांच्या बेचक्यांत ओल राहू देऊ नये आणि संवेदना कमी झालेल्या तळपायांना गरम पाण्याचा शेक देऊ नये, हे अभ्यंगाची आवड असलेल्यांना वैद्यांनी खास सांगितले. योगासनांचे सत्र सामान्य होते. डोळ्यांच्या पडद्याला इजा झालेल्यांनी डोके खाली जाणारी आसने टाळावीत हे एका वाक्यात उरकले, त्याला अधिक वेळ द्यायला हवा होता.

होमिओपॅथीचे सत्र मात्र वगळले तरी चालेल असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी आपले व्याख्यान दिले तेव्हा डॉक्टर आणि वैद्या दोघेही मागे बसून होते. प्रश्न विचारायला कोणी उभे राहिले नाही आणि होमिओपॅथीच्या गोळ्यांतील साखरेविषयी एका रुग्णाने विचारलेली साधी शंकाही पुरती सुटली नाही. नाव सहकार्याचे, प्रत्यक्षात स्वतंत्र व्याख्यान, असे त्याचे स्वरूप झाले. कोणत्याही पद्धतीच्या तज्ज्ञाला वर्गात बोलवायचे तर त्यानेही पिशव्यांच्या टेबलापाशी उभे राहिले पाहिजे आणि इतरांच्या प्रश्नांना उत्तरे दिली पाहिजेत.

आणखी दोन उणिवा नोंदवते. वर्गात मिळणारी पुस्तिका दोन स्वतंत्र भागांत छापलेली आहे, आधी आधुनिक वैद्यक आणि मग आयुर्वेद. वर्गात जे एकत्र सांगितले गेले ते पुस्तिकेत पुन्हा वेगळे झाले आहे. अक्षरही बारीक आहे, जे मधुमेही ज्येष्ठांसाठी काढलेल्या पुस्तिकेत व्हायला नको होते. दुसरी उणीव अधिक महत्त्वाची आहे. पिशव्यांच्या सत्रात ठरलेल्या गोष्टी रुग्णाच्या नेहमीच्या डॉक्टरांपर्यंत आणि वैद्यांपर्यंत पोचवण्याची कोणतीही सोय नाही. आमच्या बाबतीत मी वहीत सगळे उतरवून घेतले होते म्हणून ते सांगता आले. एकट्या येणाऱ्या आजीआजोबांना ते जमणार नाही. प्रत्येकाला चालू औषधांची पूर्ण यादी, दोघांच्या सह्यांसह, एका पानावर लिहून दिली तर या वर्गाचा उपयोग दुप्पट होईल. ही सूचना मी लेखी दिली आहे.

संपूर्ण वर्गाचे शुल्क सहाशे रुपये असून सोबत येणाऱ्या एका नातेवाइकाला वेगळे शुल्क नाही, ही गोष्ट फार योग्य आहे, कारण घरातला स्वयंपाक करणारी व्यक्ती वर्गाला बसल्याशिवाय आहार बदलत नाही. वर्ग मराठीत चालतो, बोलणे सोपे असते आणि कोणत्याही कंपनीचे औषध, यंत्र किंवा पावडर तेथे विकली जात नाही. सहा शनिवारांत एकदाही कोणी कशाची शिफारस केली नाही. दुसऱ्या मजल्यावर वर्ग असून उद्वाहक अनेकदा बंद असतो, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्यांनी आधी चौकशी करून जावे.

ज्यांच्या घरी गोळ्या आणि चूर्णे शेजारी शेजारी ठेवलेली आहेत, त्या प्रत्येकाला मी हा वर्ग सुचवीन. नुकतेच निदान झालेल्यांना पहिले सत्र जड जाईल, तरी त्यांनी तेवढ्यावरून सोडू नये. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्या मुलांसाठी आणि गरोदरपणातील मधुमेहासाठी मात्र हा वर्ग नाही. त्यांच्या गरजा वेगळ्या आहेत, आणि नाव नोंदवतानाच तेथील परिचारिका त्यांना रुग्णालयाच्या दुसऱ्या विभागाकडे पाठवतात.